तिसऱ्या रांगेतली बाई

सुधीर,

तुला न्यायची तयारी चालली होती, तेव्हा बी विंगमधले करंदीकर माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले. रडत होते बिचारे, अगदी खरं रडत होते. आणि रडता रडता म्हणाले, "वहिनी, या वेळेला काही तो चहाच्या वेळेला परत येत नाही हो." मागे कुणाला तरी हसू फुटलं आणि त्याने लगेच खोकल्याचं सोंग आणलं. मानसीने माझा दंड घट्ट धरला. आपली लेकच ती, तिला वाटलं आई आता काहीतरी बोलणार. मी गप्प राहिले. मी काहीही बोलले असते तरी लोक हसले असते, तुला खांदा द्यायला उभे होते तेसुद्धा.

करंदीकरांचा राग नाही आला मला. ते त्यांच्या परीने सांत्वनच करत होते. तुझा राग आला. गेलेल्या माणसाचा राग धरू नये म्हणतात, पण तू होतास तेव्हा धरलेला तरी कुठे पुरा झाला होता?

सुरुवात आठवते ना? तू सत्तेचाळीस वर्षांचा होतास आणि तुला काहीतरी झालं होतं. अंधेरीच्या कंपनीसाठी पॅकिंगचे खोके खरेदी करण्यात आपला जन्म गेला, असं तुला एकाएकी वाटायला लागलं. केस काळे केलेस. जिम लावलीस आणि आठवडाभरात पाठ धरून बसलास. गिटार आणलीस, ती मानसीच्या पलंगाखाली गेली. मी तोंड मिटून बघत होते, कारण नवऱ्याला असं काही झालं की बायकोने काय करायचं हे कुणी शिकवलेलं नसतं. मग तू ते सगळं लिहून काढलंस आणि सोसायटीच्या वार्षिक कार्यक्रमात, पार्किंगमध्ये घातलेल्या स्टेजवर उभा राहून म्हणून दाखवलंस. नाव काय, तर 'सत्तेचाळीसचं स्वातंत्र्य'. लोक घरातली लाज झाकून ठेवतात, तू माइक लावून सांगितलीस. मी तिसऱ्या रांगेत कडेला बसले होते आणि माझे कान गरम झाले होते.

सगळ्यात शेवटी तू गोराईला गेलास तो किस्सा आला. बोरिवलीच्या माणसाने संसार सोडून गोराईला जायचं म्हणजे स्वयंपाकघर सोडून गॅलरीत जाण्यासारखं आहे. फेरीबोटीने खाडी ओलांडली की झाला संन्यास! तू सांगत होतास, "मी हिला म्हटलं, मी जातो. ही म्हणाली, येताना कोथिंबीर आण." लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. मग तू आवाज खोल केलास. "दोन दिवस आणि दोन रात्री मी त्या किनाऱ्यावर एकटा बसून होतो…" आणि मी उठले. कशाला उठले देव जाणे. घरी तू थापा मारायला लागलास की जसं तोंडातून निघायचं, तसंच निघालं.

"दोन दिवस कुठले रे? चहाच्या वेळेला घरी होतास की!"

मग जो हशा फुटला, तो बाहेर रस्त्यावर ऐकू गेला म्हणे. सी विंगच्या आजोबांनी कवळी हातात काढून घेतली. मागच्या बायका टाळ्या पिटायला लागल्या, कुणीतरी शिट्टी मारली. सगळ्यांच्या माना माझ्याकडे. तू डोक्याला हात लावून म्हणालास, "बघितलंत? साधं पळूनसुद्धा जाता येत नाही माणसाला." परत हशा. मी मटकन खाली बसले. मला वाटलं, संपलं.

घरी आल्यावर तू चपलासुद्धा काढल्या नाहीस.

"नीले, हे ठेवायचं."

"काय ठेवायचं?"

"हेच. तू उठायचंस. दर वेळेला."

"वेड लागलंय का तुला? मी काय नटी आहे?"

"नटी नाहीयेस म्हणून तर! काय झकास लाफ्टर आला यार. माझ्या अख्ख्या बोलण्याला एकदा आला नाही तसला."

मला वाटलं, दोन-चार ठिकाणी करेल आणि हौस फिटेल. पण कार्यक्रम ठरवून देणारे साटम भेटले. त्यांना मंडळं माहीत होती, ज्येष्ठ नागरिक संघ माहीत होते, कोणत्या हॉलचा माइक खरखरतो तेही माहीत होतं. मुलुंड झालं, घाटकोपर झालं, अंधेरी झालं. आणि माझी नोकरी सुरू झाली. विमा कंपनीतली होतीच, ही दुसरी. तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची. साडी साधी, म्हणजे कुणाला संशय येणार नाही. हॉलवर तुझ्यासोबत यायचं नाही, प्रेक्षकांच्या दारातून तिकीट दाखवून आत यायचं. एकाच घरातून निघून आपण दोन रिक्षा करायचो. तू आत साटमांबरोबर बटाटेवडा खायचास आणि मी बाहेर, जणू ओळखतच नाही अशा तुझ्या पोस्टरखाली उभी राहायचे. रविवार माझा आईकडे वाकोल्याला जायचा वार. तो तुझ्या स्वातंत्र्यात गेला. आई फोनवर विचारायची, "येतेस ना गं?" आणि मी सांगायचे, "आज सुधीरचा शो आहे." ती म्हणायची, "मग तुझं काय काम?" आता आईला कसं सांगणार की माझ्यावाचून शो पडतो!

पण एक सांगते. त्या खुर्चीवरून मी जे पाहिलं ते तुला स्टेजवरून कधी दिसलं नाही. तुझ्या डोळ्यांवर दिवे असायचे. केस काळे करायची गोष्ट आली की पुरुष मोठ्याने हसायचे आणि हसता हसता एकेक हात हळूच स्वतःच्या डोक्याकडे जायचा. जिमच्या वेळेला बायका नवऱ्यांना कोपराने ढोसायच्या. मुलुंडला माझ्या शेजारचे एक गृहस्थ पहिल्यापासून शेवटपर्यंत हसले नाहीत, आणि जाताना साटमांना विचारत होते, पुढचा शो कुठे आहे. त्या अंधारात लोक स्वतःला हसत असायचे आणि त्यांना वाटायचं आपण तुला हसतोय. तुझ्यात ती जादू होती, सुधीर. मी हे तुला कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तू तेही कार्यक्रमात घातलं असतंस.

माझं वाक्य मात्र हॉलमध्ये राहिलं नाही. ते माझ्या मागे मागे घरी आलं. लिफ्टमध्ये लोक विचारायचे, "काय वहिनी, आज वेळेवर आले का?" भाजीवाल्याकडे मी कोथिंबिरीला हात लावला की तो गालातल्या गालात हसायचा. ऑफिसमध्ये कुणी जेवायला गेलं की मागून आवाज यायचा, "येताना कोथिंबीर!" मी पन्नाशीला आले, मला रात्रंदिवस घाम फुटायचा, गुडघे धरायचे, कधीकधी काही कारण नसताना रडू यायचं. तुझ्या पन्नाशीला हॉल मिळाला, माझ्या पन्नाशीला डॉक्टरांची पाच मिनिटं. लोकांसाठी मी एकच बाई होते, चहा आणि कोथिंबीर एवढंच कळणारी.

अंधेरीचं ते लग्न आठवतं? तू तुझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या सलग आठवडाभर घेतल्या नव्हत्यास, मला तिथे कळलं, आणि मी सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडले. खरीखुरी ओरडले. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्या मुलाचा मामा म्हणाला, "वा वहिनी, एकदम लाइव्ह!" मी तुझ्याकडे पाहिलं. तुला ठाऊक होतं मी खरं बोलतेय. तू त्या मामाकडे बघून डोक्याला हात लावलास. त्या दिवसापासून मी लोकांत रागावणं सोडून दिलं. जो राग कुणी खरा मानत नाही तो करून काय उपयोग?

आणि मग घाटकोपरच्या त्या बाई. शो सुटल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. साठीच्या असतील. बाकीच्या बायका 'छान बोललात' म्हणत होत्या. या म्हणाल्या, "जाऊ द्यायचं होतंत हो त्याला दोन दिवस." बस, एवढंच बोलल्या आणि पर्स सावरत निघून गेल्या.

ते मला लागलं. फार लागलं. त्या दिवशी परतताना मी तुझ्याच रिक्षात बसले.

"सुधीर, त्या दिवशी तू परत का आलास?"

"कुठून?"

"गोराईहून."

"चहासाठी!" तू म्हणालास. रिक्षावाला हसला.

"नाटक नको. इथे लोक नाहीयेत. सांग ना."

"आहे की एक," तू त्याच्याकडे बोट दाखवलंस.

मी तोंड फिरवून बसले. घरी तू म्हणालास, "किती सीरियस होतेस गं! आलो ना परत?" मी म्हटलं, "आलास. का आलास ते विचारतेय." तू म्हणालास, "तुला वाटतं मी गेलोच नव्हतो. मी गेलो होतो, नीले. तुला कळलं नाही." मी म्हटलं, "मला कळलं नाही?" आणि तेवढ्यात साटमांचा फोन आला, पुढची तारीख ठरवायला. आपलं भांडण तिथेच राहिलं. नंतर मी दोनदा काढलं, दोन्ही वेळा तू चहावर नेऊन सोडलंस. मला फक्त एकदा, हशा नसताना, उत्तर हवं होतं. तू कंटाळून परत आलास, घाबरून आलास, की यावंसं वाटलं म्हणून आलास? मी ज्याला दर रविवारी उठून पकडून आणत होते, त्याला घरी यायचं तरी होतं का?

अडकला होतास तूही, हे मला दिसत होतं. साठी जवळ आली तरी शोसाठी केस काळे करावे लागायचे, कारण लोकांना सत्तेचाळीसचाच सुधीर हवा होता. आधी सत्तेचाळिशीत घाबरून रंगवलेस, मग कामाचा भाग म्हणून रंगवत राहिलास. तू नवीन लिहायला घेतलं होतंस, तुझ्या वडिलांवर. गिरणी बंद पडल्यावर ते रोज डबा घेऊन बागेत जाऊन बसायचे त्याबद्दल. गॅलरीत तू मला अर्धं वाचून दाखवलंस आणि मी पदराने डोळे पुसले. साटम म्हणाले, "उत्तम आहे, पण लोक कोथिंबीर मागतात." तू ते बाजूला ठेवलंस. मला तेव्हा तुझ्यासाठी भांडायला हवं होतं असं मानसी म्हणते. कुठे भांडणार होते? लोक टाळ्याच वाजवणार.

आता ऐक. तुला कळलं नाही ते सांगते.

त्या मंगळवारी तू दारात उभा होतास, हातात ती निळी बॅग. आपल्याकडे बाहेर पडताना 'येतो' म्हणतात. तुझी आई तर कुणी चुकून 'जातो' म्हटलं की त्याला परत आत घेऊन पाणी द्यायची. इतक्या वर्षांत तू कधी 'जातो' म्हणाला नव्हतास. त्या दिवशी म्हणालास. मला 'जाऊ नकोस' म्हणायचं होतं. पण नवरा-बायको असं थोडंच बोलतात! मला एवढंच सुचलं की याच्या हातात परत यायचं काहीतरी काम द्यावं. ओट्यावर कोथिंबिरीच्या उरलेल्या चार काड्या होत्या, म्हणून कोथिंबीर तोंडात आली. मेथी असती तर मेथी आली असती.

मग मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. ऑफिसला गेले नाही. मानसी कॉलेजातून येईपर्यंत तिला काय सांगायचं याची मनात जुळवाजुळव करत होते. चहा टाकला, तो निवला, परत टाकला. आणि तू फाटकातून आत आलास. बूट वाळूने भरलेले, आणि हातात गोराईच्या मळ्यातली कोथिंबिरीची जुडी, उन्हाने पार माना टाकलेली. तू ती ओट्यावर ठेवलीस आणि म्हणालास, "चहा आहे?" मी म्हटलं, "आहे." आपण चहा प्यायलो. ती जुडी तू कार्यक्रमात कधी घातली नाहीस. लोकांना ठाऊकच नाही की तू कोथिंबीर आणली होतीस. हसण्यासारखं नव्हतं त्यात काही, म्हणून असेल.

तुझं कार्य उरकलं तसे साटम आले. डोळे सुजलेले, तुझ्यावर जीव होता त्यांचा. म्हणाले, शो बंद पडू नये असं सगळ्यांना वाटतं, एक चांगला मुलगा बघितलाय, हुबेहूब करतो. "पण वहिनी, तुमचं वाक्य तुमच्याशिवाय कोण बोलणार?" मी म्हटलं, विचार करते. नाही म्हणायची माझी सवय मोडली आहे. मी नाही म्हटलं तरी लोकांना ते वाक्यच वाटतं.

रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं, मानसी शेजारी. भाषणं झाली. मग साटमांनी पडद्यावर रेकॉर्डिंग लावलं, गोराईचा भाग. तू आवाज खोल केलास, "दोन दिवस आणि दोन रात्री…" आणि हॉलमधल्या सगळ्या माना सवयीने तिसऱ्या रांगेकडे वळल्या. त्या खुर्चीवर एक अनोळखी मुलगी बसली होती. ती बिचारी गोरीमोरी झाली. माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. म्हणून मी पडद्याकडे बघत राहिले.

इतकी वर्षं त्या क्षणाला, आवाज मागपर्यंत जावा म्हणून, मी लोकांकडे तोंड करून उभी असायचे आणि लोक माझ्याकडे. तुझ्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. पडद्यावर मागून माझा आवाज आला आणि मी पाहिलं, माझ्याबरोबर तुझे ओठ हलत होते. गॅदरिंगला मानसी कविता म्हणायची आणि मी खालून पुटपुटायचे, तसे. मी चुकू नये म्हणून. हशा आला तेव्हा तू हसला नाहीस. तू माझ्याकडे बघत होतास, आणि तुझा चेहरा उजळला होता. डोक्याला हात लावणं नंतर आलं. मला रडू कोसळलं, सुधीर. प्रेमाने आणि रागानेही. हे मला घरी दाखवायचं होतंस. पडद्यावर बघायची वेळ का आणलीस?

मग साटमांनी माइक माझ्या हातात दिला. "वहिनी, दोन शब्द. तुमच्या स्टाइलमध्ये."

मी उभी राहिले. म्हटलं, "त्या दिवशी तो गेला तेव्हा मी सकाळपासून गॅलरीत उभी होते."

लोक हसले. प्रेमाने हसले, डोळे पुसत हसले, पण हसलेच. करंदीकर टाळी वाजवायला निघाले होते. मी खाली बसणार होते. मानसीने खालून माझ्या साडीचा काठ धरला आणि सोडला नाही. मी तशीच उभी राहिले. हशा विरेपर्यंत एक शब्द बोलले नाही.

मग म्हटलं, "तो परत येणार नाही असं मला वाटत होतं. मला फार भीती वाटत होती. तो कोथिंबीर घेऊन आला. मी त्याला एवढंच म्हटलं, चहा आहे. मला म्हणायचं होतं, तू आलास, बरं झालं."

मागे कुणीतरी एकटंच हसलं आणि मधेच थांबलं. मग हॉल गप्प झाला. करंदीकरांचे हात तसेच मांडीवर राहिले. साटम जमिनीकडे बघत होते, त्यांनी नंतर त्या मुलाचा विषय काढला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी काहीतरी बोलले आणि ते जसं होतं तसं लोकांनी ऐकलं. सगळ्या हॉलने ऐकलं, सुधीर. ज्याला सांगायचं होतं, तोच तेवढा तिथे नव्हता.